पाठ कुणाच्या हाती द्यावी?

आमच्या जालना जिल्ह्यात कमरेत उसण भरली की सल्ल्यांना तोटा नसतो. कुणी पायाळू माणसाचा पाय लावून घ्यायला सांगते, कुणी हाड बसवणाऱ्या पहिलवानाचा पत्ता देते. कारखान्यात लोखंड उचलणारे मजूर, वाकून कापूस वेचणाऱ्या बाया, शिलाई मशीनवर बसणाऱ्या बहिणी, दुखणे सगळ्यांचेच आहे. आता मोबाइलवर मान वळवून ‘कट्ट’ आवाज काढणाऱ्या कायरोप्रॅक्टरचे व्हिडिओ आले आणि पालक आम्हा शिक्षकांनाही विचारू लागले, हा इलाज करून घ्यावा का?

हाताने सांधे बसवण्याची विद्या जुनीच आहे. हजार वर्षांपूर्वी अंदलूसचे हकीम अल-जहरावी यांनी ‘अल-तसरीफ’च्या तिसाव्या भागात मोडलेली हाडे आणि निखळलेले सांधे यांवरचे उपचार सविस्तर लिहिले. कायरोप्रॅक्टिक ही पद्धत मात्र १८९५ साली अमेरिकेतील डेव्हनपोर्ट गावात डी. डी. पामर यांनी सुरू केली. मणके सरकल्याने बहुतेक आजार होतात, हे त्यांचे म्हणणे विज्ञानाच्या कसोटीवर टिकले नाही. पण कंबरदुखीत हाताने केलेल्या उपचाराचा काहींना उपयोग होतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी व्यायामासोबत हा उपचारही सुचवला. कमरेचा पट्टा आणि वजन लावून ताण देणे मात्र नको म्हटले.

प्रश्न हातांच्या तालमीचा आहे. याच संघटनेच्या २००५ च्या मार्गदर्शिकेप्रमाणे कायरोप्रॅक्टरच्या पूर्ण शिक्षणाला किमान ४,२०० तास लागतात. त्यांतले १,००० तास देखरेखीखाली रुग्ण तपासण्याचे असतात. चार दिवसांच्या शिबिरात किंवा व्हिडिओ पाहून ही विद्या येत नाही. महाराष्ट्रात फिजिओथेरपिस्टची नोंद करणारी राज्य परिषद आहे. कायरोप्रॅक्टरसाठी तशी वेगळी परिषद नाही. म्हणून भिंतीवरची पाटी न पाहता पदवी कोणती, कुठली आणि नोंदणी कुठे, हे विचारावे. विचारण्यात बेअदबी नाही.

चांगला जाणकार आल्याआल्या पाठीला हात घालत नाही. दुखणे कधीपासून आहे, पडलात का, ताप येतो का, वजन घटले का, पायाला मुंग्या येतात का, हे तो आधी विचारतो. चालायला, वाकायला लावतो. काय करणार ते सांगून तुमची परवानगी घेतो. बाई रुग्ण असेल तर सोबतीला घरची बाई बसू देतो. गरज वाटली तर स्वतःच दवाखान्यात पाठवतो. ‘कट्ट’ आवाजाला तो महत्त्व देत नाही; तो सांध्यातील द्रवात होणाऱ्या वायूच्या पोकळीचा असतो, हाड जागेवर बसल्याचा नव्हे. मानेला झटका दिल्याने क्वचित रक्तवाहिनी फाटून लकवाही होऊ शकतो.

काही दुखण्यांना मात्र आधी डॉक्टरच हवा. लघवी-शौचावरचा ताबा जाणे, मांड्यांमधला भाग बधिर होणे, पायातली ताकद कमी होणे, अशा वेळी त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठावे. संध्याकाळचा ताप, घटते वजन आणि रात्रीही न थांबणारी पाठदुखी असेल तर मणक्याचा क्षय असू शकतो. त्याची तपासणी व औषधे सरकारी दवाखान्यात मोफत आहेत. पाठ दाबून घेण्यात महिने गेले तर पाय लुळे पडू शकतात.

वैद्यकाची माहिती नसताना इलाज करणाऱ्यावर नुकसानीची जबाबदारी येते, ही शिकवण हदीसमध्ये आली आहे. इलाज करणाऱ्याने ती लक्षात ठेवावी, तशी इलाज करवून घेणाऱ्यानेही. आणि घरातल्या अम्मी किंवा दादी रुकू-सजद्यात कण्हत असतील, तर बसून नमाज पढण्याची सवलत आहे, हे त्यांना सांगावे. पण तेवढ्यावर न थांबता त्यांना डॉक्टरकडेही न्यावे. घरातल्या बाईचे दुखणे ‘वयच झाले’ म्हणून सोडून देण्याची आपली सवय आता मोडायला हवी.