बीटल्सची सही : अस्सल की नक्कल?

जॉन, पॉल, जॉर्ज आणि रिंगो या चौघांच्या सह्या एकाच कागदावर असल्या, तर तो पूर्ण संच. खरा भाव त्यालाच. रिंगो स्टार बँडमध्ये आला ऑगस्ट १९६२ मध्ये. त्याआधीच्या संचात ड्रमर पीट बेस्टची सही हवी. शेवटचा दौरा २९ ऑगस्ट १९६६ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत संपला, मग चौघे एकत्र सापडणेच अवघड झाले.

• परक्या हाताची सही : मागणी वाढली तसे बँडसोबतचे मदतनीस नील ॲस्पिनल आणि मॅल इव्हान्स चौघांच्या नावाने सह्या ठोकू लागले. बीटल्सही एकमेकांच्या सह्या करीत. त्यामुळे कागद त्याच काळातला, थेट नाट्यगृहातून आलेला असला, तरी सही खरी असेलच असे नाही.

• छापील सही : फॅन क्लबच्या फोटोंवर असते. भिंगाखाली छपाईचे ठिपके दिसतात, पेनाचा दाब उमटलेला नसतो.

• पेन : शार्पी मार्कर १९६४ मध्ये बाजारात आला. १९६३ च्या म्हणवल्या जाणाऱ्या सहीत तो दिसला की विषय संपला.

• रेघ : अस्सल सही झरझर होते. नक्कल करणारा अडखळतो, तिथे शाई साचते.

• टपाल : २० ऑक्टोबर २००८ नंतर आलेल्या टपालावर सही करणार नाही, असे रिंगोने जाहीर केले होते. त्यानंतर टपालाने आलेली म्हणवली जाणारी त्याची सही संशयास्पदच.