जेवण नाही, म्हणून इन्सुलिन बंद?

‘दोन दिवस उलट्या होताहेत, पोटात अन्न नाही, म्हणून इन्सुलिन दिलं नाही,’ असे नातेवाईक अतिदक्षता विभागात सांगतात. घोटाळा इथेच होतो. आजारपणात इन्सुलिनची गरज बहुधा वाढते. ते न मिळाल्यास शरीर साखरेऐवजी चरबी जाळते. त्यातून आम्लधर्मी कीटोन साचतात. एरवी ७.३५ ते ७.४५ असणारा रक्ताचा सामू ७.३ च्या खाली घसरतो. पोटदुखी, खोल-जलद श्वास, गुंगी दिसताच रुग्णालय गाठा. तिथे आधी सलाईन, मग पोटॅशियम तपासून इन्सुलिन देतात. इन्सुलिनने पोटॅशियम आणखी उतरून हृदयाची लय बिघडू शकते. टाइप-१ मधुमेहात इन्सुलिन स्वतःहून कधीच थांबवू नका. साखर वारंवार तपासा, मात्रा डॉक्टरांना विचारा.