पाळक सहा महिने रजेवर, मग चर्च चालवणार कोण? 'सबॅटिकल'आधी मंडळी काय तयारी करते, समजून घ्या

घरात लग्न असो, बाळाचं नामकरण असो की मध्यरात्री हॉस्पिटलमधून आलेला फोन असो, अमेरिकेतल्या बहुतेक चर्चमध्ये सगळ्यांच्या तोंडी एकच नाव येतं, पाळकाचं. आता हाच माणूस म्हणाला, "पुढच्या फेब्रुवारीपासून सहा महिने मी नाही. फोन करू नका, ईमेलही करू नका", तर?

ऐकायला हे राजीनाम्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात ही करारात आधीच लिहिलेली रजा असते आणि तिचं नाव सबॅटिकल. पाळकाने बॅग भरण्याच्या कितीतरी महिने आधी चर्चचे सभासद तयारीला लागलेले असतात. एका चर्चच्या सगळ्या सभासदांना मराठी ख्रिस्ती समाजात 'मंडळी' म्हणतात आणि त्यांना सांभाळणाऱ्या रेव्हरंडना 'पाळक'. इथेही तेच शब्द वापरू.

हा शब्द आला कुठून?

मूळ आहे हिब्रू भाषेतल्या 'शब्बाथ' या शब्दात. अर्थ थांबणं, विसावणं. सहा दिवस काम करायचं आणि सातव्या दिवशी थांबायचं. बायबलमधल्या लेवीय या पुस्तकाच्या २५व्या अध्यायात हाच नियम जमिनीलाही लावला आहे. सहा वर्षं पेरणी करा, सातव्या वर्षी जमीन पडीक ठेवा. इस्रायलमध्ये आजही असं वर्ष पाळलं जातं. त्याला 'श्मिता' म्हणतात. मागचं श्मिता वर्ष २०२१-२२ मध्ये होतं.

शब्बाथ महाराष्ट्राला नवा नाही. कोकणातले बेने इस्रायली ज्यू तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे. म्हणून गावकरी त्यांना 'शनिवार तेली' म्हणू लागले.

नोकरीतली सबॅटिकल मात्र आली विद्यापीठांतून. हार्वर्ड विद्यापीठाने १८८० मध्ये प्राध्यापकांसाठी अशी रजा सुरू केली. पुढे ती चर्चमध्येही रुजली.

पाळकाला एवढी मोठी रजा कशाला?

बाकीच्यांचा सुट्टीचा दिवस हा पाळकाचा सगळ्यात कामाचा दिवस. दर रविवारी नवं प्रवचन लागतं. आठवडाभर आजाऱ्यांच्या भेटी, अंत्यविधी, मोडत आलेले संसार, इमारतीचं गळकं छत आणि समित्यांच्या बैठका. शिवाय लोक ज्या गोष्टी घरात बोलत नाहीत त्या पाळकाला सांगतात, आणि पाळकाला त्या पोटात ठेवाव्या लागतात.

बार्ना या अमेरिकी संशोधन संस्थेने मार्च २०२२ मध्ये प्रोटेस्टंट पाळकांचं सर्वेक्षण केलं. त्यातल्या ४२ टक्के पाळकांनी सांगितलं की, गेल्या वर्षभरात पूर्णवेळ सेवा सोडून देण्याचा विचार आपल्या मनात येऊन गेला. २०२१ च्या सुरुवातीला हेच प्रमाण २९ टक्के होतं.

वार्षिक सुट्टी वेगळी असतेच. सबॅटिकलमध्ये विश्रांतीच्या जोडीला अभ्यास, लेखन, प्रवास, प्रार्थना अशी आखणी असते. पगार सहसा चालू राहतो.

नियम काय सांगतात?

प्रत्येक पंथाचं गणित वेगळं आहे. ब्रिटनच्या मेथडिस्ट चर्चमध्ये साधारण दहा वर्षांच्या सेवेनंतर आणि पुढे दर सात वर्षांनी तीन महिन्यांची सबॅटिकल मिळते. कॅथलिक चर्चच्या कायद्यात पॅरिशच्या फादरांना वर्षाला एक महिन्यापर्यंत सुट्टी आहे. त्याहून मोठी रजा बिशपच्या परवानगीने मिळते आणि मागची व्यवस्थाही बिशपच बघतात.

अमेरिकेतल्या युनिटेरियन युनिव्हर्सलिस्ट पंथाची गोष्ट वेगळी आहे. हा पंथ ख्रिस्ती परंपरेतून निघाला, पण आज तिथे कोणत्याही एका धर्ममताची सक्ती नाही. मराठी वाचकाला याची एक ओळख आहे. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे १९०१ मध्ये ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात शिकायला गेले, ते युनिटेरियनांच्याच शिष्यवृत्तीवर.

या पंथात बिशप नसतात. मंडळी मतदान करून स्वतःचा पाळक निवडते आणि त्याच्याशी करार करते. पंथाच्या नमुना करारानुसार सेवेच्या प्रत्येक वर्षामागे एक महिना सबॅटिकल जमा होते. ती चौथ्या वर्षानंतर आणि सातव्या वर्षाच्या आत घ्यायची असते. एका वेळी जास्तीत जास्त सहा महिने. आणि परतल्यावर किमान एक वर्ष त्याच मंडळीची सेवा करायची.

थोडक्यात, वरून कुणी बदली माणूस पाठवत नाही. जे करायचं ते मंडळीनेच.

मग तयारी सुरू कशी होते?

आधी एक छोटी समिती नेमली जाते. तिचं पहिलं काम म्हणजे यादी करणं. पाळक नेमकं काय काय करतो? इथेच बहुतेक मंडळ्यांना धक्का बसतो. प्रवचन आणि अंत्यविधी सगळ्यांना दिसतात. पण नव्याने आलेल्या माणसाचं नाव लक्षात ठेवणं, दोन जुन्या सभासदांचं भांडण वेळीच मिटवणं, एकट्या राहणाऱ्या आजींना दर मंगळवारी फोन करणं, ही कामं कुठल्याच कागदावर नसतात. ती फक्त एका माणसाच्या डोक्यात असतात.

यादी झाली की कामांची तीन भागांत वाटणी होते. काही कामं सभासद घेतात, काही पैसे देऊन बाहेरच्या व्यक्तीकडे जातात आणि काही सहा महिने थांबवली जातात. तिसरा भाग महत्त्वाचा. सगळंच सुरू ठेवायचा हट्ट धरला तर पाळक ताजातवाना होऊन येतो आणि स्वयंसेवक थकून गेलेले असतात.

सहा महिने म्हणजे २६ रविवार. काही रविवारी शेजारच्या गावातले पाळक येतात, काही रविवारी निवृत्त पाळक, तर काही रविवारी सभासदच उभे राहून बोलतात. त्यांना आधीपासून सराव दिला जातो.

आजारपण आणि मृत्यू यांचं वेळापत्रक करता येत नाही. त्यासाठी जवळच्या पाळकाशी आधीच बोलून ठेवतात आणि त्यांचा नंबर सगळ्यांना कळवतात. रोजच्या भेटीगाठींसाठी प्रशिक्षण घेतलेल्या सभासदांचा गट असतो. कर्मचाऱ्यांचा वरिष्ठ कोण आणि तातडीचा निर्णय कुणी घ्यायचा, हेही लेखी ठरतं.

पैसा कुठून येतो?

पगार चालू असताना पाहुण्या पाळकांचं मानधनही द्यायचं, म्हणजे खर्च वाढतो. त्यामुळे शहाण्या मंडळ्या दरवर्षीच्या अंदाजपत्रकात थोडी थोडी रक्कम बाजूला टाकतात. ख्रिस्ती मंडळ्यांना इंडियानापोलिसच्या लिली एंडोमेंट या संस्थेकडून अनुदानही मिळू शकतं. तिच्या योजनेत बरीच वर्षं ५०,००० डॉलरची मर्यादा होती आणि त्यातले १५,००० डॉलरपर्यंत मंडळीच्या खर्चासाठी वापरता येत होते. अर्जही पाळकाचा नसतो, मंडळीचा असतो.

सगळ्यात अवघड नियम: फोन करायचा नाही

चर्चची किल्ली सापडत नाही, म्हणून एक मेसेज टाकला. उत्तर लगेच आलं. मग दुसरा मेसेज गेला. अशा दोन-चार मेसेजमध्येच सबॅटिकल संपते. म्हणून रजेच्या काळात संपर्क कुणी, कशासाठी आणि कुणामार्फत करायचा, हे आधी ठरवतात. सहसा एकाच पदाधिकाऱ्याकडे तो अधिकार असतो.

खरा पेच वेगळाच असतो. मंडळीत कुणी शेवटच्या आजारात असेल आणि त्यांची इच्छा असेल की, अंत्यविधी याच पाळकाने करावा, तर? काही पाळक अशा वेळी परत येतात, काही येत नाहीत. दोन्ही निर्णयांना कारणं आहेत. पण हा प्रश्न रजेआधी त्या कुटुंबासमोर बसून बोलला गेला पाहिजे. नंतर "आमच्या वेळी ते नव्हते" ही सल वर्षानुवर्षं राहते.

लोक नाराज होत नाहीत का?

होतात. मंडळीत नर्स असतात, ट्रक ड्रायव्हर असतात, दोन-दोन नोकऱ्या करणारे असतात. त्यांना कुणी सहा महिने पगारी रजा देत नाही, आणि पाळकाचा पगार त्यांच्याच वर्गणीतून जातो. हा आक्षेप खोटा नाही. म्हणून रजेचा हेतू, खर्च आणि करारातलं कलम उघडपणे मांडणाऱ्या मंडळ्यांत कुरबुर कमी होते. काही मंडळ्या या काळात सभासदांसाठीही वेग कमी करतात. बैठका कमी, कार्यक्रम कमी.

दुसरी भीती सहसा कुणी बोलून दाखवत नाही. पाळक परत आलाच नाही तर? आणि पाळकाच्या मनात नेमकं उलटं असतं. माझ्यावाचून सगळं नीट चाललं तर?

परतल्यावर काय होतं?

'द मेसेज' हा बायबलचा लोकप्रिय अनुवाद करणारे युजीन पीटरसन मेरीलँडमधल्या बेल एअर इथे १९६२ पासून २९ वर्षं पाळक होते. मध्ये एक वर्ष ते पत्नीसह माँटानात जाऊन राहिले. परत आले तेव्हा मंडळी पूर्वीसारखी त्यांच्यावर अवलंबून राहिली नव्हती, असं त्यांनी नंतर लिहिलं. त्यांना त्याचा आनंदच झाला.

म्हणूनच पाळक परतल्यावर पहिल्याच दिवशी सगळ्या चाव्या त्याच्या हातात देऊ नयेत, असा सल्ला दिला जातो. आधी दोघांनी एकमेकांना सांगायचं की, या सहा महिन्यांत काय घडलं. मग ती जुनी यादी पुन्हा काढायची आणि कोणती कामं पाळकाकडे परत जाणार, कोणती सभासदांकडेच राहणार, हे ठरवायचं. आजींना मंगळवारी फोन करणारा सभासद म्हणाला, "हे काम आता माझ्याकडेच राहू द्या", तर तयारी कामी आली असं समजायचं.