जुन्या संगणकी कार्बोरेटरला नायट्रसची जोड

1981 साली अमेरिकेत जनरल मोटर्सच्या बहुतेक पेट्रोल मोटारींच्या कार्बोरेटरला संगणकाची वायर जोडली गेली. धुराचे नियम कडक झाले होते, आणि धूर साफ करणाऱ्या नव्या कन्व्हर्टरला हवा-पेट्रोलचं प्रमाण 14.7 ला 1 च्या अगदी जवळ लागायचं. स्क्रू आणि जेटच्या भरवशावर ते टिकेना. मग कंपनीच्याच रोचेस्टर विभागाच्या क्वाड्राजेट कार्बोरेटरमध्ये पेट्रोल कमी-जास्त करणारा एक सोलेनॉइड आला. तो सेकंदाला दहा वेळा खाली-वर होतो. त्यातला किती वेळ खाली राहायचं, हे संगणक एक्झॉस्टमधल्या ऑक्सिजन सेन्सरकडे बघून ठरवतो.

त्या दशकातली शेवरोले माँटे कार्लो एसएस अशीच. पाच लिटरचं व्ही-8 इंजिन, पण ताकद जेमतेम 180 अश्वशक्ती. ड्रॅग स्ट्रिपवर नेणाऱ्याला नायट्रसचा मोह होतो तो इथेच. आणि लगेच सल्ला मिळतो की हा कार्बोरेटर काढून फेक, साधा बसव. मला हा सल्ला मुळीच पटत नाही. या गाडीत स्पार्कचं टायमिंगही तोच संगणक सांभाळतो. डिस्ट्रिब्युटरमध्ये व्हॅक्यूम अॅडव्हान्स नाही, वजनं-स्प्रिंगाही नाहीत. कार्बोरेटर गेला की त्यावरचा थ्रॉटल सेन्सर जातो, आणि त्याच्याविना संगणकाला टायमिंग नीट देता येत नाही. म्हणजे डिस्ट्रिब्युटरही बदला. चांगली जुळलेली व्यवस्था मोडायची आणि पैसेही घालवायचे!

खरं तर नायट्रस आणि हा संगणक एकमेकांच्या वाटेत फारसे येतच नाहीत.

नायट्रस ऑक्साइड म्हणजे दंतवैद्यांकडचा हास्यवायू. तो स्वतः इंधन नाही. त्यात वजनाने 36 टक्के ऑक्सिजन असतो, हवेत 23 टक्के. सिलिंडरमधल्या उष्णतेने रेणू फुटतो, जादा ऑक्सिजन मोकळा होतो आणि जादा पेट्रोल जाळता येतं. शिवाय बाटलीतून द्रवरूपात आलेला नायट्रस उणे 88 अंशांना उकळतो, त्यामुळे आत जाणारी हवा गार आणि दाट होते. पण जादा पेट्रोल मिळालंच पाहिजे. ते कमी पडलं तर पिस्टन वितळतो.

हे जादा पेट्रोल कार्बोरेटरने द्यायचंच नसतं. कार्बोरेटरखाली एक प्लेट बसते, तिच्या आडव्या नळ्यांपैकी एकीतून नायट्रस आणि दुसरीतून पेट्रोल फवारतं. दोघांचे जेट जोडीने ठरलेले असतात. हे चालू होतं अॅक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर, आणि नेमक्या त्याच वेळी संगणक ऑक्सिजन सेन्सरकडे दुर्लक्ष करून सोलेनॉइडला ठरलेल्या रिच, म्हणजे जास्त पेट्रोलच्या, स्थितीत ठेवतो. क्वाड्राजेटच्या मागच्या दोन मोठ्या बॅरल्सवर तर संगणकाचा ताबा कधीच नव्हता. अर्ध्या थ्रॉटलला नायट्रस सोडला तर मात्र सेन्सर गोंधळतो. म्हणून नायट्रस चालू करणारा मायक्रोस्विच थ्रॉटलच्या अगदी शेवटच्या टोकालाच लागला पाहिजे.

आधी गाडी धडधाकट आहे का ते बघा. इंजिनावर, कार्बोरेटरजवळ एक हिरवा कनेक्टर लोंबत असतो. त्याला सोलेनॉइड किती वेळ खाली राहतो ते दाखवणारा ड्वेल मीटर लावायचा. इंजिन आठ सिलिंडरचं असलं तरी मीटर सहा सिलिंडरच्या पट्टीवर ठेवायचा. गरम इंजिनावर काटा 30 अंशांच्या आजूबाजूला सतत हलला पाहिजे. तो 10 जवळ अडकून बसला असेल तर संगणक जास्तीत जास्त पेट्रोल मागतोय, म्हणजे बहुधा कुठेतरी हवा गळतेय. अशा गाडीला नायट्रस लावू नये.

पेट्रोल पंपाकडेही लोक काणाडोळा करतात. मूळचा यांत्रिक पंप कार्बोरेटर आणि प्लेट या दोघांना पुरला नाही तर दोन्हीकडे मिक्श्चर एकदमच लीन होतं, म्हणजे त्यात पेट्रोल कमी पडतं. क्वाड्राजेटचा फ्लोट चेंबर तसाही लहान. प्लेटसाठी वेगळा विजेचा पंप घ्यावा, तिथे काटकसर नको. बाटलीचा दाबही 900 ते 950 पीएसआयच्या दरम्यान हवा. उन्हात डिकी तापली की दाब चढतो, नायट्रस वाढतो आणि पेट्रोल तेवढंच राहतं.

सगळ्यात नाजूक काम टायमिंगचं. नायट्रसमुळे ज्वलन वेगाने होतं, म्हणून प्रत्येक 50 अश्वशक्तीमागे साधारण 2 अंश टायमिंग मागे घेतात. इथे टायमिंगची आखणी संगणकात असली तरी तिचा पाया डिस्ट्रिब्युटरच्या बैठकीवर आहे. डिस्ट्रिब्युटरचा चार वायरींचा कनेक्टर काढायचा, टायमिंग लाइट लावून डिस्ट्रिब्युटर थोडा फिरवायचा, कनेक्टर परत जोडायचा. सगळी आखणी तेवढीच मागे सरकते. रोजच्या चालवण्यात यामुळे इंजिन थोडं मंद वाटतं, म्हणून स्ट्रिपवरून परतल्यावर मूळ खुणेवर आणावं. काही इंजिनांना नॉक सेन्सर आहे, पण त्याच्यावर विसंबू नये. ठोका पडल्यानंतरच तो जागा होतो.

पहिल्या धावेला सर्वांत लहान जेट, तेही इंजिन मिनिटाला 3,000 फेऱ्यांच्या वर गेल्यावर. धाव संपताच इंजिन बंद करून प्लग काढायचे आणि पांढरी पोर्सिलेन भिंगाखाली बघायची. तिच्यावर मिरपुडीसारखे काळे किंवा चकचकीत ठिपके दिसले तर ते पिस्टनचं अॅल्युमिनियम असू शकतं. टायमिंग आणखी 2 अंश मागे घेऊन आणि पेट्रोलचा जेट एक नंबर मोठा करूनच पुढची धाव घ्यावी.