वैमानिकाची पिशवी

गंगापूर रोडवरील आमच्या अभ्यासवर्गात एका कारखान्यातील सोबत्याने विचारले, “वैमानिकाची पिशवी हलकी झाली, त्याचे आपल्याला काय?” प्रश्न रास्त होता.

ओझरहून विमान उडो की मुंबईहून, वैमानिकाजवळ मार्गांचे नकाशे आणि विमानतळांवर उतरण्याचे तक्ते लागतातच. कागदी असताना त्यांची पिशवी पंधरा-सोळा किलोंपर्यंत जाई. शिवाय दर २८ दिवसांच्या हिशेबाने सुधारणा येत. जुने पान काढा, नवे घाला; एक पान चुकले की धोका! अमेरिकन एअरलाइन्सने २०१३ पर्यंत हे ओझे उतरवून वैमानिकांच्या हाती आयपॅड दिले. खांदे सुटले. आम्ही त्याचे स्वागतच करतो.

पण एप्रिल २०१५ मध्ये एका विमानतळाच्या नकाशाची नोंद दुबार झाली, आयपॅडवरील नकाशे उघडेनात, आणि त्याच कंपनीची डझनावारी उड्डाणे खोळंबली. कागद फाटला तर एकाचा फाटे. ही चूक एकदम अनेकांच्या हाती पोचली. सुधारणाही थांबल्या नाहीत. नकाशे ताजे आहेत ना, बॅटरी भरली ना, हे उड्डाणापूर्वी पाहावे लागतेच.

आम्ही त्या सोबत्याला उलट विचारले, “तुमच्या खात्यात नवे यंत्र आले, तेव्हा ते शिकण्याचे तास कोणाच्या हिशेबी धरले?”

“आमच्या,” तो म्हणाला. “रविवारी बोलावले होते.”