नवा कण सापडला की नुसता भास? समजून घ्या ‘5 सिग्मा’चा नियम

डिसेंबर 2015. जिनिव्हाजवळच्या ‘सर्न’मधील 27 किलोमीटरच्या महायंत्रात झालेल्या प्रोटॉनच्या टकरींचा डेटा मांडला गेला. आलेखावर एक उंचवटा दिसला आणि नवा कण सापडल्याची चर्चा रंगली. ऑगस्ट 2016 मध्ये जास्तीचा डेटा आला अन् उंचवटा गायब! तो योगायोग होता.

म्हणूनच ‘5 सिग्मा’. असा उंचवटा निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता सुमारे 35 लाखांत एक असेल, तरच ‘शोध’ म्हणतात. समजा, शिरूर अनंतपाळच्या चौकात कुणी नाणं उडवलं आणि सलग 22 वेळा छापाच पडला, तर नाण्यावर शंका येणारच. हिशेब साधारण तोच.

4 जुलै 2012 रोजी जाहीर झालेला हिग्ज बोसॉन या कसोटीवर उतरला. मुंबईच्या ‘टीआयएफआर’चे शास्त्रज्ञही त्या शोधातील ‘सीएमएस’ प्रयोगात होते.