खडखडाटाचं कूळ

इंग्रजीतला ‘रॅटल’ हा शब्द मोठ्यानं म्हणून पाहिला की अर्धा अर्थ आपोआप कळतो. सुट्या, कोरड्या, टणक वस्तू एकमेकींवर भराभर आपटल्या की होतो तो आवाज म्हणजे रॅटल. मध्ययुगीन इंग्रजीत तो ‘रॅटेलन’ या रूपात भेटतो, मध्ययुगीन डच भाषेतही जवळपास तेच रूप आहे आणि जर्मन ‘रासेल्न’ त्यांचा भाऊबंद. त्यामागे कुठला भारदस्त धातू शोधायला जाऊ नये. कोशकार त्याला ध्वन्यनुकारी म्हणून मोकळे होतात. म्हणजे आपल्या खडखड, खुळखुळ, खणखण यांच्याच पंगतीतला.

मराठीनं आवाजागणिक वेगळा शब्द घडवला, इंग्रजीनं या एकट्यावरच बरंच ओझं टाकलं. बाळाचा खुळखुळा म्हणजे रॅटल. पाठ केलेलं घडाघडा म्हणून दाखवणं म्हणजे ‘रॅटल ऑफ’. मरणासन्न माणसाच्या घशातली घरघर ‘डेथ रॅटल’. समोरच्याची घाबरगुंडी उडवणं हेही रॅटल करणंच. हा अर्थ एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत रुळला.

या नावाचं एक लाकडी यंत्रही होतं. दांड्यावर दातेरी चाक, त्यावर टेकलेली लवचीक लाकडी पट्टी. दांडा धरून गरगर फिरवलं की पट्टी एका दात्यावरून सुटून दुसऱ्यावर आपटते आणि कान किटवणारा कडकडाट होतो. लंडनचे रात्रीचे पहारेकरी ते वापरत. 1829 साली ब्रिटनचे गृहमंत्री रॉबर्ट पील यांनी मेट्रोपॉलिटन पोलीस दल उभारलं, तेव्हा शिपायांकडेही मदत बोलवायला तेच आलं. 1880च्या दशकात बर्मिंगहॅमच्या जोसेफ हडसन यांच्या शिट्टीनं त्याची जागा घेतली. दुसऱ्या महायुद्धात हा खडखडा परत आला: विषारी वायूचा हल्ला झाला तर हवाई संरक्षण वॉर्डननं तो वाजवायचा आणि धोका टळल्यावर हातघंटा. ब्रिटनवर वायुहल्ला झाला नाही. खडखडे फुटबॉलच्या मैदानांत मात्र मनसोक्त वाजले.

पण या शब्दाचा खरा मानकरी अमेरिका खंडातला रॅटलस्नेक. त्याच्या शेपटीत खडे किंवा बिया असतील असं वाटतं. आत काहीच नसतं. आपल्या नखांत असतं त्याच केराटिनची पोकळ कडी एकमेकांत सैलसर अडकलेली असतात आणि शेपटी थरथरली की तीच एकमेकांवर घासतात, आपटतात. दर कातीला एक कडं वाढतं. साप वर्षातून अनेकदा कात टाकतो आणि टोकाची कडी तुटूनही जातात, त्यामुळे कडी मोजून वय सांगणं ही निव्वळ थाप.

2021 साली ऑस्ट्रियातल्या ग्राझ विद्यापीठाच्या संशोधकांनी एक गंमत दाखवली. कुणी जवळ येऊ लागलं की साप सेकंदाला सुमारे 40 ठोक्यांपर्यंत वेग वाढवत नेतो आणि मग एकदम 60 ते 100वर उडी घेतो. ऐकणाऱ्याला वाटतं, साप आहे त्याहून बराच जवळ आला. साधा खडखडाट म्हणून ही बरीच हुशारी झाली.

जीवसृष्टीचं वर्गीकरण करणारे स्वीडिश शास्त्रज्ञ लिनियस यांनी 1758 साली या सापांच्या प्रजातीला ‘क्रोटॅलस’ नाव दिलं. ग्रीक ‘क्रोटालोन’, म्हणजे चिपळ्यांसारखं हातात वाजवायचं वाद्य, त्यावरून. त्याआधी 1753 साली त्याच शब्दावरून त्यांनी वनस्पतींच्या एका प्रजातीला ‘क्रोटालेरिया’ म्हटलं होतं. आपला शेतातला ताग त्यातलाच. शेंगा वाळल्या की आतले दाणे सुटे होतात आणि झाड हलवलं की वाजतात. आपल्याकडे याच प्रजातीतल्या रानटी जातींना ‘खुळखुळा’, ‘घागरी’ म्हणतात. लिनियसनं ग्रीकमधून जे शोधलं, ते आपल्या गुराख्यांनी कानानं ऐकून ठेवलं होतं.

भारतात रॅटलस्नेक नाही. कोकणात फुरसं आहे. ते अंगाची वेटोळी एकमेकांवर घासतं आणि करवतीसारख्या दातेरी खवल्यांतून खरखर काढतं. अंगकाठी लहान, विष जहाल. कातळावर फिरताना, लाकूडफाटा उचलताना असा आवाज कानी पडला तर काठी शोधायला वाकू नका. जागीच थांबा, साप कुठे आहे ते पाहा आणि सावकाश मागे सरका.